नाशिकच्या कारभाऱ्यांना एका माजी तोपचीचे खुले पत्र

प्रति,
नाशिक शहराचा आणि जिल्ह्याचा कारभार पाहणारे सर्व लोकप्रतिनिधी व अधिकारी यांस,

विषय : माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या कुटुंबांच्या रखडलेल्या कामांबाबत

सविनय जय हिंद.

मी भारतीय सैन्याच्या तोपखान्यातून सुभेदार या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, नाशिकरोडला राहणारा एक सामान्य नागरिक आहे. निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातून १९८६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नाशिकरोडच्या तोपखाना केंद्रात रंगरूट म्हणून दाखल झालो. सव्वीस वर्षे नोकरी करून २०१२ मध्ये निवृत्त झालो, तेव्हा ज्या केंद्राने मला घडवले त्याच्या जवळच घर घ्यावे या ओढीने इथेच स्थायिक झालो. गेली दहा वर्षे माझ्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर आसपासच्या माजी सैनिकांचे आणि वीरपत्नींचे अर्ज भरले जातात. कोणाचे पेन्शन अडलेले असते, कोणाची घरपट्टी, कोणाचे रुग्णालयाचे बिल. या पत्रात जे लिहिले आहे, ते त्या टेबलावर पाहिलेले आहे.

पत्र लिहिण्याचे तात्कालिक कारण आधी सांगतो. आमच्या वस्तीतल्या चौकात काळ्या पाषाणाची एक शिळा होती. परिसरातल्या आठ जवानांची नावे तिच्यावर कोरलेली होती, त्यांतला एक माझ्याच बॅटरीतला, म्हणजे तोफांच्या तुकडीतला. रस्त्याच्या रुंदीकरणासाठी ती मागच्या वर्षी हलवण्यात आली. रस्ता रुंद व्हायला हवा होता, त्याबद्दल आम्हा कोणाचीच हरकत नव्हती. काम संपताच शिळा चौकाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसवू, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले आणि आम्ही विश्वास ठेवला. काम संपले, दुभाजकात झाडे लागली, दिवे लागले, शिळा मात्र आली नाही. चौकात हार-फुले विकणारा एक मुलगा रोज सकाळी दुकान उघडताना ती शिळा पाण्याने धुऊन तिच्यावर झेंडूचे एक फूल ठेवत असे. त्यानेच शोध घेतला आणि एके दिवशी मला सोबत नेऊन दाखवले. एका गोदामामागे, फूटपाथच्या उरलेल्या दगडांच्या ढिगात, ती पालथी पडली होती. आम्ही दोघांनी ती सरळ करायचा प्रयत्न केला, पण दोघांच्या ताकदीचे ते काम नव्हते. कडेने हात घालून चाचपल्यावर अक्षरे बोटांना लागली, एवढेच.

त्यानंतर यंदाच्या २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, आम्हाला सत्काराचे निमंत्रण आले. शिळेबद्दल तिथे काही घोषणा होईल या आशेने आम्ही गेलो. नऊची वेळ दिलेली होती. कार्यक्रम पावणेबाराला सुरू झाला. आमच्यातल्या एका हवालदारांचा डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे. त्यांना व्यासपीठाच्या सात पायऱ्या चढून जावे लागले, आणि खाली उतरताना हातातली शाल व श्रीफळ सांभाळू की कठडा धरू, अशी त्यांची अवस्था झाली. कठडा नव्हताच. दोघांची नावे चुकीची पुकारली गेली. शिळेचा उल्लेख झाला नाही. परत येताना कोणी काही बोलले नाही, आणि त्या न बोलण्यामुळेच हे पत्र मला लिहावे लागत आहे. गेल्या काही महिन्यांत याच विषयावर मी तीन लेखी निवेदने दिली. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता नाशिककरांच्या समोर लिहितो.

या शहराचे आणि फौजेचे नाते काय आहे, हे आपणास मी सांगावे असे नाही, तरी एक-दोन गोष्टींची आठवण करून देतो. देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकातली आहे. तोपखान्याची प्रशिक्षण शाळा देवळालीत आहे, तोपखान्याचे केंद्र नाशिकरोडला आहे, लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण गांधीनगरच्या विमानतळावर होते, ओझरला लढाऊ विमाने तयार होतात, आणि भोसला सैनिकी शाळा तर १९३७ पासून उभी आहे. पण मला यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट : देशातल्या तोपखान्याच्या जवानांचे अभिलेख कार्यालय नाशिकरोडला आहे. पंजाबातल्या, केरळातल्या, आसामातल्या निवृत्त तोपचीला पेन्शनच्या कागदात काही दुरुस्ती हवी असेल, तर तो पाकिटावर आपल्या शहराचे नाव लिहितो. देशभरातल्या हजारो घरांत नाशिकरोड हे नाव असे पोचलेले आहे. ज्या शहराचे नाव त्या पाकिटावर आहे, त्या शहरात राहणाऱ्या फौजी कुटुंबाला आपले काम कोठे आणि कोणाकडे करायचे हे कळू नये, ही माझी मूळ तक्रार आहे. बाकीच्या सगळ्या तक्रारी या एकीतून निघतात.

फौजेत कागदांची काळजी युनिटचा क्लार्क घेतो. लग्न झाले, मूल झाले, की ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते, नोंद होते, जवान सही करतो आणि पुन्हा ड्युटीवर जातो. तो पस्तीस ते पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेर येतो, तेव्हा त्याच्या हातात एक डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, असतो. रेशनकार्डावर नाव कसे चढवायचे, घरपट्टीचा आकार कसा ठरतो, वारसनोंद कुठे होते, यांतले त्याला काहीच माहीत नसते, कारण त्या वयात त्याचा वर्गमित्र जे शिकत होता ते शिकायला तो इथे नव्हताच. त्याची पत्नी हे सगळे एकटीने निभावत होती, आणि तिचे नाव बहुतेक कागदांवर धड लिहिलेले नसते.

इथे मला एका आजींची हकीकत थोडी सविस्तर सांगू द्या, कारण ही एकटीची हकीकत नाही. त्यांचे वय त्र्याऐंशी आहे. यजमान १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर तोफेवर होते. पुढे निवृत्त झाले, शेती केली आणि २००९ मध्ये वारले. आजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर त्यात वीस टक्के वाढ मिळण्याचा नियम आहे. पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. आजींना ती तीन वर्षांपासून मिळालेली नाही. कारण असे की, फौजेच्या नोंदीत त्यांची जन्मतारीख नाही. त्या काळी पत्नीची जन्मतारीख लिहून घेण्याची पद्धतच ढिली होती. आता पुरावा आणा, असे सांगितले जाते. आजी चौथीपर्यंत शिकल्या. शाळेचा दाखला त्यांच्या मुलाने मोठ्या कष्टाने मिळवला. पण दाखल्यावर नाव माहेरचे आहे. लग्नाच्या दिवशी ताम्हनात तांदूळ पसरून अंगठीने त्यांचे नवे नाव लिहिले गेले, आणि फौजेच्या नोंदीत ते सासरचे नाव आहे. या दोन नावांची बाई एकच, हे सिद्ध करण्यासाठी त्या सव्वा वर्ष फिरत आहेत. एका कार्यालयात शपथपत्र मागितले, दुसऱ्यात ते शपथपत्र चालत नाही म्हणाले, तिसऱ्यात आडनावाची एक वेलांटी चुकल्याचे दाखवून अर्ज परत दिला. परत दिला तो तोंडी. कारण लिहून दिले नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला आणि त्यात अर्ज नाकारताना कारण लेखी द्यावे असे म्हटले आहे, हे मी त्या खिडकीवर शांतपणे सांगितले, तेव्हा ‘तुम्ही वकील आहात का’ असे विचारण्यात आले.

महाराष्ट्रातल्या एका पिढीतल्या जवळजवळ प्रत्येक बाईचे लग्नात नाव बदललेले आहे. ही चूक आजींची नाही, फौजेच्या क्लार्कची नाही, आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याचीही नाही. पण ती कशी निस्तरायची याची एक ठरलेली, लिहिलेली, सर्व कार्यालयांना मान्य असलेली रीत जिल्ह्यात असू शकते. ती ठरवणे आपल्या हातात आहे.

हयातीच्या दाखल्याचेही असेच. फौजेचे पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर आले आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि तो अंगठा लावून घरबसल्या देता येतो, ही चांगली सोय आहे. मात्र आयुष्यभर शेतात कांद्याच्या पातीशी आणि विळ्याशी काम केलेल्या हाताचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचीही सोय आता झाली आहे, पण ती कळवणारा आणि मोबाइल हातात धरून करून दाखवणारा माणूस गावात नाही. मग सुरगाण्याची, नांदगावची किंवा बागलाणच्या टोकाची म्हातारी बाई एसटीने नाशिकला येते, रांगेत उभी राहते, शेवटची गाडी चुकू नये म्हणून काम न होताच परत जाते. जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत आणि फौजी त्या पंधराही तालुक्यांत आहेत.

घरपट्टीविषयी थोडक्यात लिहितो. राज्य शासनाने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आणली आणि पूर्वी शौर्यपदक मिळालेल्यांपुरती व शहिदांच्या विधवांपुरती असलेली घरपट्टीची सूट सर्व माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना एका घरापुरती लागू केली. शासनाने दिले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण घर पतीच्या नावावर, अर्ज पत्नीचा, वारसनोंद अपुरी, असे एखादे प्रकरण आले की फाइल थांबते, थकबाकीची नोटीस मात्र वेळेवर येते. नोटिशीत जप्तीचा शब्द असतो. ज्या घरात भिंतीवर पदक लावलेले आहे त्या घरात तो शब्द वाचून दाखवण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे.

आता ज्या गोष्टीकडे आजवर कोणाचेच लक्ष गेलेले नाही, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधतो. हे तोपचींचे शहर आहे, आणि तोपचीला ऐकू कमी येते.

मी १९९९ च्या कारगिल युद्धात द्रासमध्ये बोफोर्स तोफेवर होतो, तोफेचा ‘नंबर वन’ म्हणून, म्हणजे त्या तोफेवरच्या तुकडीचा प्रमुख म्हणून. त्या लढाईत आपल्या तोपखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे आणि रॉकेट डागले, असे पुढे नोंदवले गेले. आमच्यापुरते सांगायचे तर दिवस-रात्रीचा हिशेब राहिला नव्हता. तोलोलिंग १३ जूनला आणि टायगर हिल ४ जुलैला ताब्यात आली, तोपर्यंत आमच्या तुकडीतले सगळे एकमेकांशी खुणांनीच बोलत होतो. कानात कापसाचे बोळे असत, नसले तर चिंधी. द्रासमधल्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ असे नाव देऊन लष्कराने तोपखान्याचा मान केला, त्याचा आम्हाला फार आनंद झाला. पण त्या तोफांवरच्या पुष्कळ जणांच्या कानात आजही रात्रंदिवस एक शिट्टी वाजत असते. माझ्या उजव्या कानाला जवळजवळ काही ऐकू येत नाही. लढाईच कशाला, देवळालीच्या रेंजवर वर्षानुवर्षे सरावाच्या तोफा डागणाऱ्यांचेही तेच होते.

असा माणूस सरकारी खिडकीपाशी जातो, तेव्हा काय होते ते पाहा. काचेपलीकडचा कर्मचारी कागदाकडे बघत बोलतो. ओठ दिसत नाहीत, आवाज काचेला अडतो, वर पंखा. आमचा माणूस ‘काय म्हणालात?’ असे विचारतो. स्वतःचाच आवाज त्याला नीट ऐकू येत नसल्याने तो मोठ्याने विचारतो. कर्मचाऱ्याला वाटते हा अंगावर येतो आहे. तोही आवाज चढवतो. रांगेतले लोक म्हणतात, फौजी आहे, डोके गरम असणारच. मग आमचा माणूस काही न कळताच मान डोलावून बाहेर येतो आणि माझ्या टेबलावर येऊन सांगतो, ‘सुभेदार साहेब, काय आणायला सांगितलं ते समजलं नाही, पुन्हा विचारायची लाज वाटली.’ नावे पुकारून रांग पुढे सरकवली जाते तिथे तर आमच्या लोकांची पाळी निघून जाते, आणि दोन तास बाकावर बसलेल्याला शेवटी ‘तुम्हाला बोलावलं होतं, तुम्हीच नव्हता’ असे ऐकावे लागते. एका नायक साहेबांच्या बाबतीत हे एकाच कामात चार वेळा झाले. पाचव्यांदा ते गेले नाहीत.

यावर उपाय महाग नाही. आकडा दाखवणारी पाटी लावावी, आवश्यक कागदांची यादी छापून हातात द्यावी, आणि खिडकीवरच्या माणसाने मान वर करून समोर बघून बोलावे. हे केल्याने फौजींचेच नव्हे, शहरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचे काम सोपे होईल.

रुग्णालयांचा प्रश्न माझ्या मते सर्वांत गंभीर आहे, पण तो मुख्यतः केंद्राच्या अखत्यारीतला असल्याने इथे लांबवत नाही. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून सुरू आहे आणि तिच्यामुळे अनेकांचे प्राण वाचले आहेत. तरीही पॅनेलवरच्या एखाद्या खासगी रुग्णालयाच्या दारात ‘या योजनेची बिले उशिरा मिळतात, सध्या खाट नाही’ असे सांगितले जाते आणि रोख भरणाऱ्याला त्याच संध्याकाळी खाट मिळते, हे मी स्वतः एका आजारी सहकाऱ्याला घेऊन गेलो असताना अनुभवले आहे. आपत्कालीन स्थितीत रेफरलच्या चिठ्ठीशिवाय दाखल करून घेण्याची तरतूद आहे, हे रात्री दोन वाजता स्वागतकक्षात समजावून सांगणे रुग्णाच्या नातेवाइकाला जमत नाही. आपल्याकडे मागणे इतकेच की, जिल्हा पातळीवर रुग्णालये, योजनेचे अधिकारी आणि माजी सैनिक यांची दर तीन महिन्यांनी एक बैठक घ्या आणि तिचे इतिवृत्त जाहीर करा.

रोजगाराबद्दल दोन शब्द. राज्य शासनाच्या गट क आणि ड च्या पदांमध्ये माजी सैनिकांसाठी पंधरा टक्के आरक्षण आहे, पण चाळिशीच्या माणसाला परीक्षेची तयारी, संगणकाची प्रमाणपत्रे आणि शैक्षणिक अर्हतेचा मेळ घालता येत नाही म्हणून त्यातल्या पुष्कळ जागांवर त्याचा उपयोग होत नाही. मग तो सुरक्षा रक्षक होतो. कष्टाच्या कोणत्याही कामात कमीपणा नाही. आमच्यातले कित्येक जण अभिमानाने ते काम करतात. तक्रार वागणुकीची आहे. ज्या हवालदाराने तोफेवर सहा-सात माणसांची तुकडी सांभाळली, त्याला एका निवासी संकुलाच्या दारात बारा तास उभे केले जाते, बसायला खुर्ची नसते, आठवड्याची सुट्टी नसते, आणि पगारपत्रकावर सही एका रकमेची घेऊन हातात दुसरी रक्कम दिली जाते. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे. त्याची अंमलबजावणी तपासणे हे आपले काम आहे. आणि त्या संकुलांत राहणारे आपण नाशिककर आहोत, म्हणून हे त्यांनाही उद्देशून लिहिले आहे. आपल्या दारातल्या माणसाला महिन्याला हातात किती मिळते, एवढे त्यालाच विचारा.

अग्निवीरांचा विचार तर आजच करायला हवा. योजना २०२२ मध्ये आली, पहिल्या तुकड्या त्याच वर्षाच्या अखेरीपासून दाखल झाल्या, सेवा चार वर्षांची, आणि फौजेत कायम होणार जास्तीत जास्त पंचवीस टक्के. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून एकवीस-बावीस वर्षांपासून पुढची मुले, हातात सेवानिधी, म्हणजे सेवेअखेर मिळणारी एकरकमी रक्कम, घेऊन, पेन्शनशिवाय घरी येऊ लागतील. त्यांतली कितीतरी आपल्या तालुक्यांतली असतील, आणि कितीतरी मुले याच नाशिकरोडच्या केंद्रात शिकलेली आहेत. ती शिस्तीची आहेत, अवजड वाहन चालवणे, संदेशवहन, यंत्रांची देखभाल शिकलेली आहेत. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांना असे हात लागतात. पण कारखानदार आणि मुलगा यांची गाठ घालून देणारे कोणी नसेल, तर त्या निधीवर टपलेली माणसे त्याच्यापर्यंत आधी पोचतील. निवृत्तीची रक्कम दामदुपटीच्या योजनांत घालवून बसलेले आमच्या पिढीतलेही मी पाहिले आहेत, आणि ते तर चाळिशी उलटलेले, जग पाहिलेले होते.

एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. सगळे दरवाजे बंद आहेत असे नाही. एका विभागीय कार्यालयात काही वर्षांपूर्वी एक बाई होत्या. त्यांचे वडील फौजेत होते की नव्हते, मला ठाऊक नाही, पण म्हातारा माणूस आला की त्या खुर्चीवरून उठून बाहेरच्या बाकावर येऊन त्याच्या शेजारी बसत आणि कागद एकेक करून तपासत. त्यांच्या काळात आमची एकही फाइल दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली नाही. त्यांची बदली झाली आणि सोबत ती पद्धतही गेली. चांगल्या माणसाच्या बदलीबरोबर चांगले काम जाऊ नये म्हणूनच नेमून दिलेली व्यवस्था लागते.

हेही लिहितो की, आम्हाला इतरांच्या पुढे रांगेत घुसायचे नाही. कांद्याचा भाव पडल्यावर शेतकऱ्याचे काय होते ते मी माझ्या भावाच्या घरात पाहतो. कारखाना बंद पडलेल्या कामगाराचे हाल शेजारी पाहतो. माझे मागणे फक्त शासनाने आधीच मान्य केलेल्या गोष्टींचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

महापालिकेच्या सहाही विभागीय कार्यालयांत आठवड्यातला एक दिवस ठरवून माजी सैनिक व वीरपत्नींच्या कामांसाठी एक कर्मचारी नावानिशी नेमावा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ कसे वाचतात याचे त्याला दोन दिवसांचे शिक्षण द्यावे. ते शिकवायला आम्ही विनामूल्य येऊ.

घरपट्टीच्या सवलतीचा अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे आणि प्रलंबित अर्ज असताना त्या घराला थकबाकीची नोटीस पाठवू नये.

नावातील फरक आणि पत्नीची जन्मतारीख यांसाठी लागणाऱ्या कागदांची एकच यादी जिल्हा प्रशासन, महापालिका आणि सैनिक कल्याण विभाग यांनी मिळून ठरवावी, ती मराठीत छापावी आणि प्रत्येक तहसील कार्यालयात लावावी.

पंधराही तालुक्यांत महिन्यातून एकदा शिबिर घ्यावे. ऐंशी वर्षांवरील पेन्शनधारकांकडे आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे हयातीच्या दाखल्यासाठी माणूस घरी जावा.

ज्या खिडक्यांवर नावे पुकारली जातात तिथे आकड्यांची पाटी लावावी.

अग्निवीरांची पहिली तुकडी परतण्याआधी जिल्ह्यातील उद्योजकांबरोबर बैठक घेऊन त्यांच्या नोंदणीची व्यवस्था जाहीर करावी.

शहीद आणि माजी सैनिकांसंबंधीच्या कोणत्याही कार्यक्रमात व्यासपीठाला उतार आणि कठडा असावा, नावे आदल्या दिवशी घरच्यांकडून तपासून घ्यावीत, आणि दिलेली वेळ पाळावी. प्रमुख पाहुण्यांना उशीर होणार असेल तर कार्यक्रम त्यांच्याशिवाय सुरू करावा.

आणि ती शिळा. ती चौकात परत बसवावी. क्रेनचे भाडे आणि गवंड्याची मजुरी आम्ही वर्गणी काढून भरायला तयार आहोत, याचे लेखी आश्वासन आमच्या तिसऱ्या निवेदनात दिलेले आहे. तिथले एक अक्षर ढिगात आपटून फुटले असावे असे मला हाताला जाणवले. ते नीट पाहूनच सांगता येईल, त्यासाठी आधी शिळा सरळ करावी लागेल.

येत्या ७ डिसेंबरला ध्वजदिन आहे. १९४९ पासून या दिवशी सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी देशभर निधी गोळा होतो आणि नाशिककर दरवर्षी त्यात मनापासून देतात. त्या दिवसापर्यंत वरील मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, याचे लेखी उत्तर आपण द्यावे, अशी विनंती आहे. चर्चेला बोलावल्यास आम्ही सांगाल त्या वेळी येऊ.

त्र्याऐंशी वर्षांच्या आजींचा अर्ज चौथ्यांदा तयार आहे. शाळेचा दाखला, शपथपत्र, पीपीओची प्रत आणि आडनावाची वेलांटी दुरुस्त केलेले प्रमाणपत्र जोडले आहे. तो कोणत्या खिडकीवर आणि कोणाच्या हातात द्यायचा, तेवढे या आठवड्यातच कळवावे.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, तोपखाना
नाशिकरोड